कापलेलं अंतर

पाऊस ओसरला, दिवाळी आटोपली, की रेवस ते रेडी या कोकणच्या किनारी रस्त्यावर हँडलला, दांड्याला, सीटखाली पिशव्या आवळलेल्या सायकली दिसू लागतात आणि महिन्याभरात त्यांचे व्हिडिओही. पाठोपाठ दरवर्षीचा वाद. एक बाजू म्हणते, कॅमेऱ्याने प्रवासाचं वाटोळं केलं आणि व्हिडिओंनी कोकणाचं. गावांची नावं सांगू नका, वाटा दाखवू नका, नाहीतर उद्या इथला गोवा होईल. दुसरी बाजू उसळून विचारते, पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन बसलेल्यांनी कोकणाला कुलूप का लावायचं? व्हिडिओ बघून माणसं येतात म्हणून आंजर्ल्यात आणि वेंगुर्ल्यात चार खोल्या भरतात, चार ताटं जास्त वाढली जातात. दोघांचाही आवाज मोठा आहे आणि दोघांनीही चुकीचं यंत्र धरलं आहे. कॅमेरा बिचारा समोर असेल ते टिपतो. घोळ होतो तो घरी आल्यावर, क्लिपा एडिटिंगच्या टाइमलाइनवर मांडून कात्री हातात घेतली की.

सायकलवाला ‘आज ऐंशी किलोमीटर कापले’ असं म्हणतो. एडिटिंगला बसलेला तोच माणूस ते ऐंशी किलोमीटर दुसऱ्यांदा कापतो. उरतं काय? उतार, पुळण, सूर्यास्त, सुरमईचं ताट आणि सुरूबनावरून सरकत जाणारा ड्रोनचा शॉट. जातं काय? चढ, ऊन, थांबणं. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी सोडून सायकल घेतली, नेमकं तेच. माझं म्हणणं सरळ आहे: ठिकाण खुशाल दाखवा, पण चढ कापू नका आणि वेळ कापू नका. एवढं पाळलं तर या वादातल्या निम्म्या तक्रारी आपोआप निकालात निघतात, आणि हे पाळलं नाही तर गावांची नावं लपवून काडीचाही फरक पडणार नाही.

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट, ही समजूत नकाशा बघून होते आणि व्हिडिओ बघून पक्की होते. प्रत्यक्षात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी अशा नद्यांनी हा किनारा खाडी-खाडीला तोडलाय आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, आडवा पडलाय. रस्ता जेटीपाशी समुद्रसपाटीला असतो. तिथून शंभर-दीडशे मीटर चढून सड्यावर येतो, काही किलोमीटर सावलीशिवाय चालतो आणि पुढच्या बंदराला पुन्हा खाली कोसळतो. हे दिवसातून तीन-चारदा. मधले लहानसहान चढ धरले तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या दिवसात चढाईची बेरीज हजार मीटरच्या पुढे सहज जाते. आता एकच चढ घ्या: १० टक्क्यांचा, एक किलोमीटर लांब. माणूस ६८ किलो, सायकल १४, पिशव्या आणि पाणी १४, एकूण ९६ किलो. ताशी ५ किलोमीटरने चढायचं तर बारा मिनिटं सलग १३०-१४० वॅट लागतात, जे नवख्याच्या ऐपतीच्या काठावर आहे. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी ३२ ची असेल, तर त्या वेगाला पेडल मिनिटाला जेमतेम ३५ वेळा फिरतं. गुडघ्यांवर लोड येतो आणि माणूस उतरून ढकलू लागतो. पुढे २६ आणि मागे ४२ असेल तर तोच चढ साठच्या लयीत, बसल्या बसल्या होतो. कोकणात सायकल घेऊन जाणाऱ्याला यापेक्षा उपयोगाची माहिती दुसरी नाही. ती किती व्हिडिओंत सापडते?

व्हिडिओ बघून आखणी करणाऱ्याचं काय होतं ते पाहा. बारा मिनिटांच्या व्हिडिओत त्याला सायकल सतत पळताना दिसते, कारण शॉट उतारावरचे आहेत. तो दिवसाला एकशे दहा किलोमीटर धरतो. खरी सरासरी ताशी चौदा-पंधरा पडते. पंचाहत्तर किलोमीटरला पाच तास नुसत्या चालवण्याचे, त्यात एखाद्या फेरीबोटीचा तास, जेवण, चहा, पंक्चर आणि दुपारी एक ते तीन सड्यावर चालवू नये म्हणून सावलीतली बसकण. डिसेंबरात उजेडच अकरा तासांचा. दाभोळची शेवटची फेरी डोळ्यांदेखत सुटली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा, म्हणजे पुढचा दिवस गेला. आणि दोन बाटल्या पाण्यावर निघालेला माणूस एप्रिलातल्या सड्यावर अडकला तर? तिथे टपरी नसते, नळ नसतो, वाडी खाली आगरात असते. अशा दिवसात तासाला लिटरभर पाणी जातं, तीन लिटर बरोबर हवंच. हे सगळं कात्रीत गेलेलं असतं.

कोकणाला हा अनुभव नवा नाही, फक्त दिशा उलटी झालीय. गणपतीला गावी आलेला चाकरमानी मुंबईचं वर्णन करायचा तेव्हा ट्राम असायची, नाटक असायचं, पगाराचा आकडा असायचा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी पंधरा-वीस माणसं, खाणावळीची उधारी, गिरणीतला कापसाचा तंतू छातीत साठल्याचा खोकला, हे त्या वर्णनातून वगळलेलं असायचं. तो खोटं एकही वाक्य बोलत नव्हता. ऐकणारा पोरगा मात्र पुढच्या बोटीने निघायचा आणि मग खोलीच्या दारात उभा राहिल्यावर त्याला उरलेली मुंबई कळायची. आज मुंबईकर कोकणाचं तसंच वर्णन करतो, चार रंग जास्तीचे भरून. वगळून बोललेल्याला खोटं म्हणायचं की नाही, हा वकिली प्रश्न झाला. ऐकणाऱ्याची आखणी चुकते, हे तर खरं?

चढ गायब होण्यात सगळा दोष हेतूचा नसतो, थोडा काचेचाही असतो. १० टक्के चढ म्हणजे कोनात मोजला तर पावणेसहा अंश. हँडलला किंवा छातीला लावलेला कॅमेरा सायकलबरोबर तेवढाच मागे कलतो, म्हणजे चढ चित्रातून वजा होतो. त्यात अॅक्शन कॅमेऱ्याची रुंद काच समोरचा रस्ता लांब आणि चपटा करते आणि चित्र स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन सायकलचं डावं-उजवं झोकांड्या खाणं पुसून टाकतं. घाम गाळून चढलेली घाटी पडद्यावर बागेतल्या रस्त्यासारखी दिसते. उपाय म्हणून काहीजण वर उभं राहून फोनच्या तीन पट लेन्सने खाली बघत शॉट घेतात. त्यात रस्ता भिंतीसारखा उभा दिसतो. ही उलट बाजूची फसवणूक. प्रामाणिक शॉट कडेने मिळतो. कॅमेरा रस्त्याच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, साधारण डोळ्याला दिसतं तेवढ्याच पट्टीवर, आणि पाठीमागे काहीतरी सरळ हवं. माड नको, तो स्वतःच वाकलेला असतो. पोफळ चालते, विजेचा खांब चालतो. कोकणात मात्र सगळ्यात चोख पाणसाळ फुकट मिळते: समुद्राची क्षितिजरेषा. ती चौकटीत आडवी ठेवली आणि तिला छेदत रस्ता वर गेला, की आकडा लिहायचीही गरज नाही.

दुसरं कारण बॅटरीचं, आणि इथे कात्री चढावरच चालते. अॅक्शन कॅमेऱ्याची साधारण बॅटरी १,७२० एमएएचची, साडेसहा वॅट-अवरची. फोर-केमध्ये तास-सव्वा तास. १०० मेगाबिटच्या दराने तासाला ४५ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड तीन तासही पुरत नाही. वीस हजार एमएएचच्या पॉवरबँकेवर ७४ वॅट-अवर लिहिलेलं असलं तरी हातात पन्नासच्या आसपास पडतात: एकदा फोन, एकदा दिवा, दोन-तीन बॅटऱ्या, संपलं. चाकातला डायनॅमो ताशी बारा-पंधराच्या पुढे कामाचा; घाटीत ताशी पाचने तो फोनला टिकवूनही धरत नाही. मग सायकलवाला काय करतो? चढ बारा मिनिटं खाणार, उतार दोन मिनिटांत होणार, म्हणून चढाला कॅमेरा बंद आणि माथ्यावर चालू. हिशेब शहाणपणाचा आहे, परिणाम वाईट. उपाय चढ अख्खा टिपणं हा नव्हे. पायथ्याशी वीस सेकंद, मधे एक कडेचा शॉट, आणि माथ्याच्या आधीचं शेवटचं एक मिनिट न थांबवता; मिळून तीन मिनिटं खर्ची पडतात.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला: कॅमेरा लक्ष खातो. बरोबर आहे. एकट्याने जाताना ‘सायकल समोरून गेली’ हा शॉट घ्यायचा म्हणजे कॅमेरा लावून मागे यायचं, पुढे जायचं, तो आणायला परत फिरायचं. चढावर वाटेतच कॅमेरा ठेवून पुढे गेलात, तर तो घ्यायला खाली येऊन तेवढाच चढ पुन्हा. तीनशे मीटरचा तुकडा नऊशेचा होतो. ट्रायपॉड सोडणं, चौकट लावणं, वाऱ्याने पडला तर पुन्हा. एका शॉटला आठ-दहा मिनिटं. असे दहा शॉट म्हणजे दिवसातला दीड तास, आणि हाच दीड तास नंतर फेरी चुकवतो. म्हणून ‘खरा सायकलवाला कॅमेरा नेत नाही’ म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. निष्कर्ष मात्र पटत नाही. वही घेऊन जाणाऱ्यालाही संध्याकाळी तास लागतो, त्याला कुणी ‘लिहिण्याने प्रवास बिघडतो’ असं ऐकवत नाही. दिवसाला तीनच मांडणीचे शॉट ठरवावेत आणि बाकीचं जिथे सायकल थांबलेलीच आहे तिथे घ्यावं: जेटीवर, चहाच्या टपरीवर, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव चालू असताना, पंक्चर काढताना. वाट बघण्याचे शॉट घ्यायला वेळ जात नाही. तो तसाही जाणारच असतो. गंमत अशी, की प्रवासाची लय खाणारे शॉट आणि प्रवासाची लय दाखवणारे शॉट हे दोन वेगळे ढीग आहेत आणि दुसरा ढीग स्वस्त आहे.

दुसरा मुद्दा गर्दीचा, आणि हाच जड आहे. सायकलवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आम्ही बघणाऱ्यांना सायकलवर आणतो, सायकलने काय गर्दी होते?’ हे उत्तर लंगडं आहे. व्हिडिओ लाखभर लोकांनी पाहिला तर त्यातले सायकल काढणारे मोजके. बाकीचे शनिवारी गाडी काढतात. काशीदला, गणपतीपुळ्याला, आरे-वारेच्या वळणावर जे होतं ते त्या गाड्यांनी होतं. पुळणीवर गाडी घालायची, वाळूत रुतवायची आणि ट्रॅक्टर शोधत फिरायचं, हा प्रकार आता इतका नेहमीचा झालाय की ट्रॅक्टरवालाही दचकत नाही. उन्हाळ्यात वाडीच्या विहिरीने तळ गाठलेला असताना पाहुण्यांच्या शॉवरचं पाणी टँकरने येतं. हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. पण मग विचारा, गाडीवाल्याला कुठला शॉट बोलावतो? आरे-वारेच्या वळणावरून दिसणाऱ्या दोन पुळणी बोलावतात. तवसाळच्या जेटीवरचं ऊन आणि जयगडच्या चढावरचा धापेचा आवाज त्याला बोलावत नाही, उलट पिटाळतो. नुसते किनारे जोडून केलेला व्हिडिओ सायकलचा असला तरी तो गाडीचीच जाहिरात असतो. सायकल त्यात शोभेला. मधला रस्ता दाखवणाऱ्या व्हिडिओने गाडीवाल्याच्या हाती काही लागत नाही, आणि ज्याच्या लागतं तो ताशी चौदाने येतो, मधल्या गावात चहा पितो, अंधार पडेल तिथे राहतो. किनाऱ्याची नावं तर नकाशात छापलेलीच आहेत. काशीद कुणा सायकलवाल्याने फोडलं का?

नावं लपवू नका म्हणताना अपवाद मात्र ठाम हवेत. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांबरोबर कासवांची घरटी राखायचं काम उभं केलं. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात. समुद्राचं चमकणं हीच त्यांची खूण. तिथे रात्री हेल्मेटचा दिवा लावून ‘कॅम्पिंग’ चित्रित करणारा माणूस त्यांना सुरूबनाकडे वळवतो. अशा पुळणीवर तंबू नको, दिवा नको, किनाऱ्यावर सायकल चालवलीच तर दिवसा, ओहोटीच्या ओल्या घट्ट वाळूवरून. (तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते: अष्टमीला सहाची भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. अॅपपेक्षा हे लक्षात राहतं.) सड्यांवरच्या कातळशिल्पांचंही तसंच. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यातल्या उक्षी, कशेळी, देवीहसोळ यांसारख्या जागांची नावं सर्वांना ठाऊक आहेत, ती घ्या. पण कुंपण नसलेल्या, अजून कुणी नीट राखत नसलेल्या चित्राचा नेमका जीपीएस बिंदू देऊ नका. रेषा उठून दिसावी म्हणून खडू फिरवणारे हात कमी नाहीत. ड्रोनबद्दल थोडक्यात: २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून सगळं माफ, हा गैरसमज. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, त्यामुळे चिपी विमानतळाच्या कुशीतलं भोगवे त्यात येतं. आणि जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले, तिथे खात्याला विचारावंच लागतं.

माणसांचा अपवाद याहून नाजूक. घरगुती खाणावळीत वाढणाऱ्या काकूंना ‘काकू, घेऊ का व्हिडिओ?’ हे ताट समोर आल्यावर विचारायचं नसतं, कारण तेव्हा त्या नाही म्हणू शकत नाहीत. जेवण सांगायला आत जाताना विचारा, तेही कॅमेरा बंद ठेवून. माजघरात कॅमेरा नको. पाच खोल्यांच्या घराचा नंबर दाखवायचा तर आधी सांगा की दिवसाला चाळीस फोन येऊ शकतात. काहीजण हसत नको म्हणतील. आणि होकार मिळालाच तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, कॅमेऱ्यात ५० हर्ट्झ निवडा. सेकंदाला ३० फ्रेमच्या सवयीने १/६० वर ठेवलंत तर आपल्याकडच्या ट्यूबलाइटखाली चित्र पट्ट्यापट्ट्यांनी लुकलुकतं आणि सोलकढी काढण्याचा एकमेव शॉट वाया जातो.

तिसरा आक्षेप कसलेल्या एडिटरांचा: कापणं हाच तर एडिटिंगचा धर्म, चढ तसाच ठेवला तर बघणार कोण? लोक अर्ध्या मिनिटात निघून जातात हे खरंच आहे. पण वेळ आवळणं आणि वेळ गायब करणं यांत फरक असतो आणि तो भारतीय सिनेमाच्या पहिल्या पानावरच लिहिलेला आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल मिळवण्यासाठी जे चित्रण करून दाखवलं, ते कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचं होतं. दिवसांमागून दिवस एकाच जागेवरून थोडं थोडं टिपून त्यांनी ती वाढ क्षणभरात आणली. बघणाऱ्याला कळत होतं की वेळ आवळलाय, म्हणून त्यात फसवणूक नव्हती. रोप उगवायला दिवस लागतात हे उलट ठसलं. चढाचंही असंच करता येतं. पायथ्याचा मैलाचा दगड, मधलं कडेचं दृश्य, माथा, आणि दोन्ही टोकांना घड्याळ किंवा सावली. मग सगळं मिळून पंचवीस सेकंदांत बारा मिनिटं उभी राहतात. फक्त त्यातला एक तुकडा, पंधरा-वीस सेकंदांचा, अखंड आणि बिनसंगीताचा ठेवा: कापून काढलेल्या जांभ्याच्या दोन तांबड्या भिंतींमधून वर जाणारा रस्ता, साखळी शेवटच्या दात्यावर चढल्याचा ‘खट्’, बाटलीतल्या पाण्याचं डुचमळणं, श्वास, आणि दांड्यावर टपकन पडलेला घामाचा थेंब. मी स्वतःपुरता नियम असा धरतो की पाच सेकंदांहून लांब उतार ठेवायचा असेल तर त्याच्या चढाला निदान अर्धा वेळ द्यायचा. टाइमलाइनवर चढाच्या क्लिपांना एक रंग, उतारांना दुसरा दिला की लबाडी डोळ्यांनीच दिसते.

संपादनाने मूळ किती बदलतं, याचा धडा आपल्याकडे सिनेमाहून जुना आणि पायी प्रवासाचा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते बंडात सापडले आणि पुढे त्यांनी ती हकिगत लिहिली. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला तो भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. वाचक पन्नास-साठ वर्षं तेच भटजींचं लेखन समजून वाचत राहिले. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून पुस्तक काढलं तेव्हा भटजी स्वतःच्या भाषेत बोलले. वैद्यांचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नाही. पुस्तक लोकांपर्यंत पोचलं ते त्यांच्यामुळेच. पण पोतदारांना परत जाता आलं कारण मूळ बाड शाबूत होतं. म्हणून कार्ड रिकामं करायच्या घाईत चढाच्या ‘कंटाळवाण्या’ क्लिपा पुसू नका. रोज रात्री फोनला छोटा एसएसडी जोडून सगळं उतरवून घ्या, फोल्डरला तारीख आणि दोन गावांची नावं द्या, त्या दिवसाच्या वाटेची नोंद असलेली जीपीएक्स फाइल त्यातच ठेवा.

रंगाबद्दल एक तक्रार करून टाकतो. कोकणचा समुद्र खाडीच्या मुखाशी गढूळ असतो, मातकट हिरवा असतो, आणि सुंदरच असतो. त्याला मालदीवचा निळा चढवताना जांभ्याची माती कुंकवासारखी लाल होते आणि भात विषारी हिरवा. खरा निळा हवा असेल तर सकाळी दहाच्या आत घ्या, सूर्य पाठीशी असताना. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, कॅमेरा त्या बाजूला लावा. दुपारनंतर समोरून चकाकी येते, तिथे पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारी काच, थोडा सावरतो, एडिटिंग सावरत नाही. खारी फवार काचेवर बसते ती सदऱ्याने पुसलीत तर मिठाचे कण ओरखडे काढतात. आधी गोडं पाणी, मग कापड. आणि एसीच्या खोलीतून पहाटे थेट बाहेर काढलेला कॅमेरा आतून धुकं धरतो, अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

थांबण्याच्या शॉटांबद्दल आणखी एक कारण आहे, आणि ते सायकलपेक्षा मोठं आहे. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड: आज किनारी रस्ता या फेऱ्यांनी शिवलेला आहे. रेवस-रेडी मार्गासाठी खाड्यांवर पूल आखले गेलेत. ते झाले की गाडी चार मिनिटांत पलीकडे जाईल आणि जेटीवर उभं राहण्याचं कुणाला कारण उरणार नाही. मुंबईहून किनाऱ्याने बोटी जायच्या तेव्हा माणसं पडावातून, पोरंबाळं खांद्यावर घेऊन बंदराला उतरायची. त्या उतरण्याबद्दल आपण आज आज्या-आजोबांच्या आठवणींवर विसंबतो. फेरीबोटीच्या बाबतीत तसं व्हायचं कारण नाही, कारण प्रत्येक हिवाळ्यात तिथे अर्धा अर्धा तास कॅमेरा घेऊन बसलेली माणसं असतात. फक्त ती ड्रोन उडवण्यात गुंतलेली असतात. त्याऐवजी फोन रेलिंगला टेकवून, माइकवर केसाळ टोपी चढवून चार मिनिटं सलग घ्या: फळी सिमेंटच्या उतारावर घासत येते तो आवाज, आधी दुचाक्या, मग टेम्पो, डोक्यावर पाटी घेतलेली मावशी, मागे ये मागे ये म्हणणारा पोऱ्या, फळी उचलली जाताना साखळीचा खडखडाट. व्हिडिओत यातले वीस सेकंद पुरेत. बाकीची तीन मिनिटं चाळीस सेकंद पुसू नका.